माळेगावच्या यात्रेतील पशुप्रदर्शन: एक अभिप्राय

नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यातील माळेगावी मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास खंडोबाची यात्रा भरते. तेथे कुस्त्या, लावणी, घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार असे पुष्कळ काही असते. मी मात्र पशुप्रदर्शनासाठी गेलो होतो आणि हा अभिप्राय तेवढ्यापुरताच आहे.

या प्रदर्शनाचे मूळ यात्रेच्या बाजारात आहे. खरीप घरात आलेले, रब्बीची पेरणी उरकलेली, हातात चार पैसे असलेला शेतकरी देवाला येताना विकायचे जनावर सोबत आणी आणि जाताना नवे घेऊन जाई. भाव ठरत असे तो रुमालाखाली बोटे दाबून. 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. 1962 साली राज्यात जिल्हा परिषदा आल्या आणि आज पशू व कृषी प्रदर्शनांची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषद पाहते.

येथे खरे पाहण्यासारखे आहे ते लाल कंधारी. शेजारच्या कंधारचे नाव लावणारे हे गोवंश गडद लाल रंगाचे, लांब कानांचे, डोळ्यांभोवती काळी कडा असलेले. सोमदेवराय राजाने ते जोपासले, अशी परंपरा सांगितली जाते. वशिंड, पायांची ठेवण, खूर, शेपटीचा गोंडा हे सारे न्याहाळत पुढे जावे, तर शेजारी लातूरकडची देवणी उभी असते. गीर, डांगी आणि स्थानिक गुरांच्या संकरातून घडलेल्या या जातीत पांढऱ्या अंगाचा व काळ्या तोंडाचा वानेरा, निखळ पांढरा बालंक्या आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा शेवरा असे तीन प्रकार आहेत, हे मी पुस्तकात वाचले होते. पण एका वृद्ध पशुपालकाने तिन्ही जनावरांपुढे नेऊन ते दाखवले, तेव्हाच डोळ्यांत ठसले. आदत (दुधाचे दात न पडलेला) खोंड आणि चारदाती (चार कायमचे दात आलेला) बैल यांतला फरकही त्यांनीच जबडा उघडून समजावला.

यंत्रांच्या दालनांबद्दल मात्र फारसे चांगले लिहिता येत नाही. एका विक्रेत्याला कोरडवाहू जमिनीत त्याचे पेरणी यंत्र कसे चालते, एवढेही सांगता आले नाही. माहितीपत्रक हाती देऊन तो दुसरीकडे वळला.

ट्रॅक्टरमुळे बैलाचे काम आणि संकरित गाईंमुळे गावरान गाईचे स्थान कमी होत असताना, जातिवंत वळू सांभाळणाऱ्याला चार लोकांत मान आणि त्याच्या वळूला गिऱ्हाईक मिळवून देणारी अशी जागा मला फार मोलाची वाटते. जाणाऱ्यांनी सकाळी लवकर, जनावरांना चारा-पाणी चालू असतानाच पोहोचावे. त्या वेळी मालक निवांत असतात आणि विचारले की वंशावळीपासून खुराकापर्यंत सारे मनापासून सांगतात.