‘आज मॉल बंद आहे’: बँकॉकमध्ये महागात पडलेला नीलम

बँकॉकला जाणाऱ्या आपल्या लोकांच्या यादीत एमबीके मॉल असतोच. 1985 पासूनचा, आठ मजली, आत दोनेक हजार दुकानं. चौथ्या मजल्यावर मोबाइलचा बाजार, आणि घासाघीस चालते म्हणून आपल्याला अगदी घरच्यासारखं वाटतं. नॅशनल स्टेडियम स्टेशनवर उतरलं की पुलावरून थेट आत जाता येतं. आम्ही दोघं पाण्याची बाटली घ्यायला म्हणून खाली रस्त्यावर उतरलो, तिथेच गाडं चुकलं.

कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, पन्नाशीचा एक गृहस्थ. मुंबईचे का, जेवण मिळतंय ना, अशी चौकशी. मग म्हणाला, ‘‘आज बुद्धाचा सण. मॉल दुपारी एकनंतर उघडेल.’’ तोवर एक देऊळ बघून घ्या म्हणून नकाशावर खूण करून दिली, एका रत्नांच्या दुकानातल्या सरकारी विक्रीचंही सहज सांगितलं, 40 बाटमध्ये फिरवणारं टुकटुकही (तिथली रिक्षा) हात करून थांबवलं. माझ्याकडून एक पैसा घेतला नाही हो त्याने! म्हणून तर विश्वास बसला.

देवळात दुसराच एक माणूस भेटला. बोलता बोलता तोही त्याच रत्नांच्या दुकानाबद्दल बोलला: सरकारी विक्री, आज शेवटचा दिवस, परदेशात दुप्पट भाव. दोन अनोळखी माणसं एकच गोष्ट सांगतात म्हणजे खरीच असणार, हे माझं गणित. बायकोने दोनदा कोपर मारलं. दुकानात एसी, थंड सरबत, शिक्क्याचं प्रमाणपत्र. मी 18,500 बाटचा नीलम घेतला, आपले पंचेचाळीस हजारांच्या आसपास. खरं सांगतो, मनात हौस नव्हतीच. मुंबईत विकून विमानाचं भाडं काढायचं होतं.

संध्याकाळी एमबीकेत गेलो. पहारेकऱ्याला विचारलं, आज किती वाजता उघडला? तो म्हणाला, नेहमीसारखा दहाला. बुद्धाच्या सणांना तिथे दारूविक्रीवर बंधनं येतात, मॉल काही बंद होत नाहीत. आणि त्या दिवशी तर सणही नव्हता.

ही साखळी तिथे जुनी आहे, राजवाड्याच्या दारातही हेच चालतं. टुकटुकवाल्याला गिऱ्हाईक आणल्याबद्दल दुकानाकडून पेट्रोलचं कूपन किंवा कमिशन मिळतं, म्हणून तर 40 बाटमध्ये परवडतं. पर्यटक पोलिसांचा नंबर 1155. मी फोन केला, इंग्रजीत नीट बोलले, पावती घेऊन या म्हणाले. पण आमचं विमान पहाटेचं. शेवटच्या दिवशी खरेदी करण्याचा हा आणखी एक तोटा.

ठाण्यात आमच्या नेहमीच्या सराफाने भिंगातून पाहिलं. मला वाटलं होतं काच निघेल. तो म्हणाला, खडा खरा आहे, पण हलका, भट्टीत तापवून रंग आणलेला. चार हजारांच्या वर कोणी देणार नाही. यातली मेख नंतर कळली. खोटा खडा असता तर सरळ फसवणूक म्हणता आली असती. खरा पण हलका खडा चढ्या भावाने विकला, तर दुकानदार म्हणतो, तुम्ही खुशीने घेतलात. पावतीवरही फक्त ‘नीलम, एक नग’, प्रतीबद्दल अक्षर नाही.

पुलावर चढायला फार तर तीस पायऱ्या होत्या. चढून बघितलं असतं तर मॉलचं उघडं दार दिसलं असतं.