डॉइचलांड तिकीट रिव्ह्यू: जर्मनीला शिकायला निघालेल्या सोलापूरकरांसाठी

सरळ निकाल आधी सांगून टाकते. जर्मनीत शिकायला जाणार असाल आणि महिन्यातले दोन-तीन वीकेंड तरी बाहेर पडायची हौस असेल तर डॉइचलांड तिकीट, म्हणजे तिकडचा महिन्याचा प्रवास पास, घ्या, जास्त विचार करत बसू नका. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कुठं कापला ते पुढं सांगतेच. मी ऑक्टोबरला जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहरात शिकायला गेले, आता सेमिस्टरच्या सुट्टीत सोलापुरात आलेय तर रोज कोण ना कोण विचारतंय, सात रस्त्यावर चहाला थांबलं तरी वालचंदचे ज्युनियर गाठतात, ताई तिकडं फिरायला लई खर्च येतो का वो, ट्रेन महाग असते म्हणे. म्हणून एकदाच नीट लिहितेय.

हे महिन्याचं एकच तिकीट आहे आणि अख्ख्या जर्मनीत चालतं. शहरातली बस, ट्राम, मेट्रो, लोकल आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या रिजनल गाड्या, सगळ्याला तेच. आपल्या एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास माहितीय ना, चार दिवसांचा नि सात दिवसांचा मिळतो तो, त्यातलाच प्रकार धरा, फक्त महिनाभर आणि रेल्वेसकट. 2022 च्या उन्हाळ्यात तिकडच्या सरकारनं महागाईत दिलासा म्हणून जून ते ऑगस्ट तीन महिने फक्त 9 युरोत असं तिकीट दिलं होतं, लोकांनी ते इतकं उचलून धरलं की 1 मे 2023 पासून 49 युरोला डॉइचलांड तिकीट सुरू झालं. मग 2025 ला 58 झालं, मी गेले तेव्हा तेच होतं, आणि 2026 च्या जानेवारीपासून 63. म्हणजे आपले साडेसहा हजारांच्या आसपास. आकडा ऐकून आमच्या बाबांनी लगेच हिशोब मांडला, पण ह्यात रोजचं कॉलेजला जायचं-यायचं पण येतं, शहराचा पास वेगळा काढावा लागत नाही, हे सांगितल्यावर त्यांनापण पटलं. आणि बऱ्याच युनिव्हर्सिटीत 2024 च्या समर सेमिस्टरपासून हेच तिकीट सेमिस्टर फीमध्ये धरून मूळ दराच्या 60 टक्क्यांत मिळतं, त्यामुळे ॲडमिशन झाली की पहिलं तुमच्या युनिव्हर्सिटीत ते विचारा, मगच स्वतः विकत घ्यायचं बघा. मी लिहितेय ते पूर्ण पैसे भरून घेतलेल्या तिकिटाबद्दल.

आता पहिला धक्का. स्टेशनला गेटच नाही. प्लॅटफॉर्म तिकीट नाही, मशीन नाही, कोण अडवत नाही, रस्त्यावरून चालत थेट गाडीत चढायचं. आपल्याकडं पुण्याला जायचं तरी हुतात्मा एक्स्प्रेसचं रिझर्वेशन बघा, नाही मिळालं तर तत्काळ, तेपण नाही तर इंटरसिटीत उभं राहायची तयारी, आणि तिथं मी शनिवारी सकाळी उठून खिडकीतून बघायची, ऊन आहे का, आहे तर चला. रिजनल गाडीत सेकंड क्लासला रिझर्वेशन हा प्रकारच नसतो, मिळेल ती सीट तुमची. गाडीत टीसी येतो, मोबाइलवरचा कोड स्कॅन करतो, कधीकधी ओळखपत्र मागतो कारण तिकीट नावावर असतं, मैत्रिणीला वापरायला देता येत नाही. विनातिकीट सापडलं तर 60 युरो दंड, जवळपास महिन्याचं तिकीटच गेलं म्हणायचं. मोबाइलवर तिकीट असेल तर पॉवरबँक जवळ ठेवाच, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, ताई आयसीई चालते का ह्याच्यावर? नाही चालत. आयसीई, आयसी, ईसी ह्या लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या ह्यात येत नाहीत, फ्लिक्सबसच्या खासगी बसपण नाहीत. ॲपमध्ये गाडी शोधताना फक्त डॉइचलांड तिकीटवाल्या गाड्या दाखव असा पर्याय असतो तो चालू करून ठेवा म्हणजे घोळ होत नाही. मला पण सुरुवातीला वाटलं होतं, स्लो गाडीनं काय फिरणार, पण माझं आता ठाम मत झालंय की विद्यार्थ्यानं देश बघायचा तर स्लो गाडीनंच बघावा. फास्ट गाडी तुम्हाला बर्लिनहून म्युनिकला नेऊन सोडते, मधलं काहीच दिसत नाही. रिजनल गाडी प्रत्येक बारक्या गावाला थांबते, शाळेची पोरं चढतात, म्हाताऱ्या बायका बाजाराच्या ट्रॉल्या घेऊन चढतात, सायकली आत येतात, कुत्री येतात, आणि तासाभरात तुम्हाला कळतं ह्या भागातली माणसं कशी राहतात. मी पहिल्या महिन्यात जर्मन ऐकायला शिकले ती क्लासपेक्षा गाडीत जास्त.

माग्देबुर्गहून बर्लिन रिजनल एक्स्प्रेसनं साधारण पावणेदोन तास. बर्लिनबद्दल सगळीकडं लिहिलेलं असतं, मी एवढंच म्हणीन की संसदेच्या काचेच्या घुमटावर जायला पैसे लागत नाहीत पण आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं, आणि शहराचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे करणारी ती बर्लिनची भिंत बघायची तर ईस्ट साइड गॅलरीच्या रंगीत भिंतीवर फोटो काढून परत येऊ नका, बेर्नाउअर श्ट्रासेला जा, तिथं भिंत, मधली मोकळी पट्टी, टेहळणीचा मनोरा सगळं ठेवलंय, तिथं गेल्यावर ती भिंत म्हणजे नक्की काय होतं ते समजतं. क्वेडलिनबुर्ग सव्वा-दीड तासावर, लाकडी चौकटींची जुनी घरं, हजाराच्या वर, 1994 पासून युनेस्कोच्या यादीत, अर्धा दिवस पुरे.

लाइपझिगला मात्र परत परत जावं वाटतं. स्टेशनच बघत राहावं असंय, 1915 चं, लांबच लांब. सेंट थॉमस चर्चमध्ये प्रसिद्ध संगीतकार बाख 1723 पासून मरेपर्यंत संगीताचं काम बघायचा, तिथंच त्याची समाधी आहे, आणि ह्या चर्चचा मुलांचा गायनवृंद 1212 पासूनचा आहे. शनिवारी दुपारी तीनला तिथं गाण्याची प्रार्थना असते, अगदी थोडक्या पैशात आत सोडतात. मला पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नाही, पण त्या उंच छताखाली पोरांचा आवाज उठला तेव्हा शेजारच्या आजोबांनी डोळे मिटून घेतले आणि मीपण मिटले. तिथून चालत दहा मिनिटांवर सेंट निकोलस चर्च, 1989 ला दर सोमवारी लोक जिथं प्रार्थनेला जमून मग पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारविरुद्ध मोर्चाला निघायचे, 9 ऑक्टोबरला सत्तर हजार लोक रस्त्यावर आले होते आणि गोळी चालली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या जागेबद्दल, आणि ती कुठल्या टूरिस्ट यादीत वर नसते. माग्देबुर्गच्या बाहेर होहेनवार्टेला कालव्याचा पूल आहे. नदीवरून रस्ता जातो, रेल्वे जाते, हे आपण बघितलंय, इथं एल्ब नदीच्या वरून चक्क कालवा जातो. पोलादाचा भलामोठा हौद, 918 मीटर लांब, पाण्यानं भरलेला, आणि त्यातून मालवाहू जहाजं जातात. 2003 ला सुरू झाला. त्याच्या आधी जहाजांना खाली नदीत उतरून 12 किलोमीटरचा वळसा घालावा लागायचा आणि नदीला पाणी कमी असलं की तेपण अडून बसायचं. शहरातून बस आणि पुढं चांगलंच चालणं, पण जा. कडेनं चालायला वाट आहे. मी मधोमध उभी होते, खाली नदी वाहतेय, शेजारी माझ्या कमरेच्या उंचीवर कालव्याचं संथ पाणी, आणि कोळशासारखं काहीतरी भरलेलं एक लांबलचक जहाज इतक्या हळू गेलं की डेकवर वाळत घातलेले कपडे, कुंडीतली फुलं, खिडकीतला पडदा सगळं नीट बघता आलं. चालवणाऱ्यानं हात केला. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं, उजनी धरण भरलं तरी ते शंभरेक किलोमीटरवर, मधली पाइपलाइन, पंप, वीज, ह्या सगळ्यावर आमचं आंघोळीचं गणित बसतं. पाणी इकडून तिकडं न्यायला माणूस काय काय करू शकतो हे तिथं उभं राहून बघताना मला सोलापूरच आठवत होतं. सिव्हिल इंजिनीअरिंगच्या पोरांनी तर ही जागा चुकवूच नये.

लांबचं सांगायचं तर ड्रेस्डेनच्या पुढचे बास्टायचे सुळके. माग्देबुर्गहून लाइपझिग, तिथून ड्रेस्डेन, मग एल्बच्या काठाकाठानं जाणारी एस 1 लोकल पकडून राटेन. एका दिवसात जाऊन येणं होत नाही, ड्रेस्डेनला कोणाकडं तरी मुक्काम करा, मराठी पोरं सगळीकडं आहेत, ग्रुपवर विचारलं की गादी मिळते. राटेनला उतरलं की नदी ओलांडायला तराफा आहे, त्याला इंजिन नाही, लांब तारेला बांधलाय आणि नदीच्या प्रवाहाच्या जोरावरच ह्या काठाहून त्या काठाला जातो. मग चढण. वर वाळूच्या दगडाचे सुळके, नदीपासून 194 मीटर उंच, आणि त्यांच्यामधून 1851 चा दगडी पूल. ऑक्टोबरचा शेवट होता, खाली जंगल पिवळं-तांबडं झालं होतं. आम्ही चौघी तिथं बाकावर बसून कडक भाकरी मोडली, शेंगा चटणीवर बाटलीतलं तेल ओतलं आणि जेवलो. बाहेर एक कॉफी आणि केक घेतला तरी सात-आठ युरो सहज जातात, म्हणून भाकरी-चटणीचा साठा जपून वीकेंडसाठीच ठेवायचा. महिनाभर टिकते, वजनाला हलकी, गाडीत खाल्ली तरी वास पसरत नाही. पण निघताना एक लक्षात ठेवा, भारतातून युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळं आई कितीही म्हणाली तरी पेढे, खवा बॅगेत भरू नका.

रविवारचं सांगते. रविवारी दुकानं बंद, कायद्यानंच बंद. किराणा, कपडे, सगळं. पहिल्या रविवारी बाहेर पडले तर रस्त्यावर माणूस नाही, मला वाटलं काय झालं की काय, कारण आपल्याला दिवाळीच्या आधीच्या रविवारची नवी पेठ माहिती, पाय ठेवायला जागा नसते. हॉटेलं, कॅफे चालू असतात, मोठ्या स्टेशनातली दुकानं चालू असतात, बाकी दूध-ब्रेड शनिवारीच घ्यायचं. बाटल्या टाकू नका, प्लॅस्टिकच्या बाटलीवर 25 सेंट डिपॉझिट असतं, मशीनमध्ये टाकलं की परत मिळतं. नळाचं पाणी बिनधास्त प्या. आणि डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो, सकाळी सातची गाडी पकडली नाही तर वीकेंड गेलाच म्हणून समजा.

आईचा फोनवरचा प्रश्न ठरलेला, एकटी फिरतेस का गं? गाडीत मला कधी असुरक्षित वाटलं नाही. पण बारक्या स्टेशनांवर रात्री नऊनंतर चिटपाखरू नसतं, ऑफिस नाही, चहावाला नाही, उबेला खोली नाही. म्हणून मी शेवटची गाडी कधीच धरत नाही, तिच्या आधीची धरते.

आणि हाच तो अर्धा स्टार. गाड्या जर्मनीत मिनिटाला मिनिट चालतात ही आपल्याकडची समजूत सोडून द्या. डिसेंबरात एका जंक्शनला आमची गाडी ऐनवेळी रद्द झाली, पुढची तासाभरानं, ती पण तुडुंब भरलेली, उणे तापमानात प्लॅटफॉर्मवर उभं राहून पायाची बोटं कळेनात. तासाभराच्या वर उशीर झाला तर ह्या तिकिटावर भरपाई मिळते दीड युरो, आणि तीसुद्धा किमान 4 युरो जमल्याशिवाय हातात पडत नाही. एवढ्या चांगल्या योजनेत हे खटकतंच. शिवाय तीन वर्षांत 49 चं 63 झालंय, विद्यार्थ्याला हा फरक जाणवतो. दोन गाड्या बदलायच्या असतील तर मध्ये वीस मिनिटं तरी मोकळी ठेवा, सहा मिनिटांच्या कनेक्शनवर भरवसा नको.

कोणी घेऊ नये तेपण सांगते. महिन्यातून एकदाच आणि ग्रुपनं फिरणार असाल, आणि कॉलेज चालत जाण्याइतकं जवळ असेल, तर त्या राज्याचं एका दिवसाचं लेंडर तिकीट घ्या, त्यात पाच जणांपर्यंत एकत्र जाता येतं आणि शनिवार-रविवारी सकाळी नऊनंतरच निघायची अट नसते. सॅक्सनी, सॅक्सनी-आनहाल्ट आणि थुरिंगिया ह्या तीन राज्यांत तर एकाचं तिकीट तिन्हीकडं चालतं.

शेवटचं म्हणजे, हे सबस्क्रिप्शन आहे, आपोआप पुढच्या महिन्यात जातं आणि खात्यातून पैसे कटतात. बंद करायचं तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कॅन्सल करा, तरच महिनाअखेर थांबतं. परीक्षेचा महिना कॅलेंडरवर आधीच मार्क करून ठेवा. आणि महिना 1 तारखेपासून धरतात, त्यामुळं 20-22 तारखेला उतरणार असाल तर तेवढे दिवस शहराचं साधं तिकीट काढा आणि हे पुढच्या 1 तारखेपासून सुरू करा.