आर आणि जीजीप्लॉट२: सात महिने स्कॅटर प्लॉट काढल्यानंतर

सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी किती सोबत बदलतात हे सांगणारा –१ ते १ मधला आकडा) काढायच्या आधी ठिपके बघून घ्यायचे, एवढ्याच कामासाठी गेले सात महिने आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेतलं जीजीप्लॉट२ हे आलेख काढायचं पॅकेज रोज वापरात आहे. पॅकेज उत्तम आहे. त्याच्या डिफॉल्टवर (आपण काही न सांगता ते जे गृहीत धरतं त्यावर) मात्र डोळे झाकून विसंबू नये.

पहिली अडचण एकावर एक बसणाऱ्या ठिपक्यांची. पॅकेजसोबत येणाऱ्या एमपीजी डेटात २३४ गाड्या आहेत. इंजिनाचा आकार आणि हायवेवरचं मायलेज यांचा प्लॉट काढा, ठिपके दिसतात १२६. आकडे राउंड केलेले, त्यामुळे बाकीचे खाली दडलेले. जिटर (ठिपके किंचित इकडेतिकडे हलवणं) वापरला की ते सुटे होतात, पण जिटर ठिपके दोन्ही दिशांना सरकवतो आणि दर वेळी वेगळ्या जागी टाकतो. आडव्या अक्षावर १ ते ५ असं रेटिंग असेल तर विड्थ ०.२ आणि हाइट ० द्या, म्हणजे उभ्या अक्षावरची मोजमापं जागची हलत नाहीत. सीडही (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात) ठरवून ठेवा, म्हणजे ठिपके दर वेळी त्याच जागी पडतात.

डेटा मोठा असेल तर जिटरचा उपयोग नाही. डायमंड्स या डेटात ५३,९४० हिरे आहेत. वजन आणि किंमत यांचा प्लॉट साध्या ठिपक्यांनी काढला तर नुसता काळा डाग मिळतो. अल्फा (ठिपक्याची अपारदर्शकता) ०.०५ केला की १ कॅरटपाशी उभा पट्टा उमटतो: पूर्ण आकड्याच्या किंचित खाली हिरे कमी, आकड्यावर आणि जरा वर गर्दी. षटकोनी खणांचा पर्याय झटपट आहे (हेक्सबिन पॅकेज वेगळं टाकावं लागतं), पण तो बारकावे गिळतो. या डेटात १,५०० डॉलरच्या आसपास एकही हिरा नाही. अगदी बारीक ठिपक्यांत तिथे पांढरी आडवी फट दिसते. डिफॉल्ट ३० बिनमध्ये (अक्षाचे ३० भाग) एकेक खण सहाशेहून जास्त डॉलरचा होतो आणि फट बुजते.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट, ट्रेंडची रेघ. ही रेघ काढणारं जिऑम_स्मूद फंक्शन १,००० पेक्षा कमी नोंदींना लोएस (जवळच्या ठिपक्यांवरून वळत जाणारी रेघ) लावतं, त्यापुढे गॅम (गुळगुळीत वक्ररेषा बसवणारी दुसरी पद्धत). म्हणजे त्याच अभ्यासात नोंदी वाढल्या की पद्धत आपोआप बदलते. मेथड स्वतः लिहा. भोवतीचा करडा पट्टा सरासरीच्या रेघेचा ९५ टक्के विश्वासांतर (त्या रेघेच्या अंदाजातली अनिश्चितता) दाखवतो. ९५ टक्के ठिपके त्यात असावेत ही अपेक्षाच चुकीची.

गटांचंही तसंच. आयरिस या डेटातल्या १५० फुलांत सेपलची (निदलाची) लांबी आणि रुंदी यांचा गुणांक –०.१२ येतो, रेघ किंचित खाली उतरते. प्रजातीनुसार रंग दिला की तिन्ही रेघा वर चढतात: सेटोसा ०.७४, व्हर्सिकलर ०.५३, व्हर्जिनिका ०.४६. गटाचे कोड १, २, ३ असे आकड्यांत असतील तर आधी फॅक्टर (गट दाखवणारा प्रकार) करा; नाहीतर रंगाची छटा मिळते आणि रेघ एकच राहते.

झूम करायला एक्सलिम (आडव्या अक्षाची मर्यादा ठरवणारं फंक्शन) वापरू नका. मर्यादेबाहेरचे ठिपके तो आधी काढून टाकतो आणि उरलेल्यांवर रेघ बसवतो, त्यामुळे उतारच बदलतो. कोऑर्ड_कार्टेशियन नुसतं जवळून दाखवतं. ‘रिमूव्ह्ड रोज’ (ओळी काढल्या) अशी सूचना आली की ती वाचा. रिकाम्या नोंदी किती गेल्या हे तिथेच कळतं.

अक्षावर प्रत्येक आकडा छापला गेला आणि १० हा २ च्या आधी आला, तर तो कॉलम मजकूर म्हणून वाचला गेलाय. बहुधा कुठेतरी रिकाम्या जागी डॅश टाकलेला असतो. लॉग अक्षावर (प्रत्येक समान टप्प्याला आकडा ठरावीक पटीने वाढतो असा अक्ष) शून्यं टिकत नाहीत, ती आधी मोजून घ्यावीत.

एक उणीव आहेच: दूर पडलेला ठिपका नेमका कोणता, हे प्लॉटवर क्लिक करून कळत नाही. प्लॉटली या दुसऱ्या पॅकेजचं जीजीप्लॉटली फंक्शन ती सोय देतं, मात्र हजारो ठिपक्यांवर ब्राउझर रखडतो. अशा वेळी फक्त संशयित ओळी फिल्टर करून त्यांनाच लेबल लावणं परवडतं.