पॉल सायमन: २०१६चा की २०२३चा?
आमच्या कोथरूडच्या कट्ट्यावर अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमनच्या दोन अल्बमवरून दोन तट पडलेत. एकाला २०१६चा ‘स्ट्रेंजर टू स्ट्रेंजर’च हवा: ठेका थेट पायात उतरतो, शिवाय अमेरिकन संगीतकार हॅरी पार्चनं स्वतः घडवलेली ती चमत्कारिक वाद्यं. दुसऱ्याचा जीव २०२३च्या ‘सेव्हन साम्स’वर. ३३ मिनिटं, सात भाग, पण सलग एकच ट्रॅक. मधलंच एखादं गाणं उचलून ऐकायची सोय नाही. बराचसा भाग गिटार आणि ऐंशी ओलांडलेला गळा. हे करतानाच त्याच्या डाव्या कानाचं ऐकू येणं जवळजवळ गेलं. काहींना अल्बम रटाळ वाटतो. सवाईला विलंबित ख्यालासाठी मांडी घालून बसणाऱ्या पुणेकरांनी तरी असं म्हणू नये! मी दुसऱ्या तटात. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये मात्र पहिलाच लावतो.