कोर्टलिसनर : बातमीमागचा कागद वाचण्याची सोय

अमेरिकेतील बातम्या मराठीत आणण्याचे काम करताना गेल्या काही महिन्यांत मला सर्वाधिक त्रास दिला तो एका साध्या क्रियापदाने. ‘न्यायालयाने रोखले’ असे लिहिले की वाक्य पूर्ण होते आणि वाचकाचे समाधानही होते, पण नेमके काय घडले ते त्यातून कळत नाही. १४ दिवसांचा तात्पुरता मनाई हुकूम निघाला, खटल्याचा निकाल लागेपर्यंत टिकणारी अंतरिम मनाई मिळाली, की वरच्या न्यायालयाने खालच्या न्यायालयाच्या मनाईलाच स्थगिती दिली, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. स्थलांतरितांवरील कारवाई आणि वृत्तस्वातंत्र्य यांवरून २०२५ पासून तिथे जी न्यायालयीन लढाई चालली आहे, तिच्यात एकाच खटल्याने काही आठवड्यांच्या अंतराने या तिन्ही अवस्था पाहिल्या आहेत. हुकूम स्वतः वाचल्याशिवाय योग्य मराठी शब्द निवडता येत नाही, म्हणून मी अमेरिकी न्यायालयांचे कागद मोफत वाचू देणारी ‘कोर्टलिसनर’ ही संकेतस्थळावरची सेवा वापरू लागले. त्या वापरातून हे परीक्षण लिहीत आहे.

अमेरिकेच्या संघराज्यीय न्यायालयांतील कागदपत्रे ‘पेसर’ नावाच्या अधिकृत प्रणालीत असतात. तिथे पानामागे १० सेंट आणि एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर असा दर आहे. तिमाहीचा खर्च ३० डॉलरपर्यंत राहिला तर तो माफ होतो. न्यायाधीशांची निकालपत्रे मोफत मिळतात, पण याचिका, प्रतिज्ञापत्रे आणि जोडलेले पुरावे यांच्यासाठी पैसे मोजावे लागतात. या आकारणीविरुद्ध २०१६ मध्ये दावा झाला आणि २०२४ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीत सरकारने १२.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. दर मात्र तेच राहिले. कोर्टलिसनर चालवणारी ‘फ्री लॉ प्रोजेक्ट’ ही ना-नफा संस्था २०१० पासून काम करते आहे. तिची मूळ युक्ती सोपी आहे. ‘रीकॅप’ हे ब्राउझरला जोडायचे छोटे साधन (पेसरच्या नावातली इंग्रजी अक्षरे उलट लावली की हे नाव तयार होते) बसवलेल्या कोणी पेसरवर एखादी नक्कल विकत घेतली की तिची प्रत आपोआप खुल्या संग्रहात जमा होते. एकाने पैसे भरले की तो कागद सर्वांसाठी मोफत होतो. न्यायालयाचे दस्तऐवज ही सार्वजनिक नोंद असल्याने यात बेकायदा काही नाही.

सेवेचा गाभा म्हणजे प्रत्येक खटल्याचे पान, आणि त्याला ‘रोजनामा’ हा आपल्याकडचा शब्द चपखल बसतो. प्रत्येक ओळीत तारीख, दस्तऐवजाचा क्रमांक, त्याचे वर्णन आणि खाली जोडपत्रे असतात. दस्तऐवज उघडला की पानाच्या माथ्यावर निळ्या अक्षरांत खटल्याचा क्रमांक, दाखल झाल्याची तारीख आणि एकूण पानांपैकी हे कितवे पान, हे छापलेले दिसते. ही ओळ लहान असली तरी समाजमाध्यमांवर फिरणारे ‘न्यायालयाच्या आदेशाचे’ छायाचित्र खरे की खोटे हे ताडायला तिचा मोठा उपयोग होतो.

रोजनाम्याचे महत्त्व मला पटले ते १:२५-सीव्ही-००७६६ या क्रमांकाच्या खटल्यामुळे. १७९८ च्या ‘एलियन एनिमीज अ‍ॅक्ट’चा (शत्रुराष्ट्राच्या नागरिकांविषयीच्या कायद्याचा) आधार घेऊन व्हेनेझुएलाच्या नागरिकांना एल साल्वाडोरला पाठवण्याविरुद्धचा हा दावा वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांच्यापुढे आला. १५ मार्च २०२५ रोजी, शनिवारी, सुनावणीत त्यांनी विमाने परत फिरवण्याबद्दल तोंडी सांगितले आणि त्याच संध्याकाळी लेखी हुकूम रोजनाम्यात नोंदवला. हा लेखी हुकूम स्वतंत्र दस्तऐवज नाही. त्या न्यायालयात ज्याला ‘मिनिट ऑर्डर’ म्हणतात तशी ती नोंद आहे, म्हणजे उघडायला वेगळा कागद नसतो आणि रोजनाम्यातली ओळ हाच हुकूम असतो. त्या ओळीत विमानांचा उल्लेख नव्हता आणि पुढे सरकारने आपला बचाव याच फरकावर उभा केला. बातम्यांत दोन्ही गोष्टींची सरमिसळ होत होती. मी ती एक ओळ आणि सुनावणीचा शब्दशः वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवून वाचला तेव्हा वाद कशाचा आहे ते उलगडले. ७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की अशी तक्रार बंदी प्रत्यक्षीकरणाच्या (हेबियस कॉर्पस, म्हणजे ताब्यात ठेवण्यालाच आव्हान देणाऱ्या) याचिकेनेच आणि व्यक्तीला जिथे ठेवले आहे त्याच जिल्ह्यात करावी लागेल. या निर्णयाचा कागद वाचणाऱ्यांवर काय परिणाम झाला, त्याकडे मी पुढे येतेच.

वृत्तस्वातंत्र्याच्या खटल्यांत ही सेवा सर्वांत खुलून दिसते. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेने आपल्या बातम्यांत ‘गल्फ ऑफ मेक्सिको’ हे नाव बदलायला नकार दिल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हाइट हाउसने तिच्या प्रतिनिधींना ओव्हल ऑफिस आणि राष्ट्राध्यक्षांच्या विमानात प्रवेश बंद केला. ८ एप्रिलला न्यायाधीश ट्रेव्हर मॅकफॅडन यांनी वृत्तसंस्थेच्या बाजूने अंतरिम मनाई दिली आणि ६ जूनला अपील न्यायालयाच्या खंडपीठाने २ विरुद्ध १ मतांनी तिला स्थगिती दिली. मी पाहिलेल्या बहुतेक मथळ्यांत ‘एपी हरली’ एवढेच होते. आदेश वाचला तर दिसते की ईस्ट रूमला ही स्थगिती लागू नव्हती, म्हणजे ओव्हल ऑफिससारख्या लहान जागांत निवडीची मुभा देणाऱ्या त्या खंडपीठानेही मोठ्या दालनातील मनाई जागेवरच ठेवली होती. खंडपीठातील भिन्नमतही त्याच फाइलमध्ये वाचायला मिळते, आणि माझ्या मते त्या वादाचा कस तिथेच लागतो.

त्याहून बोधप्रद आहे तो शिकागोचा खटला, ‘शिकागो हेडलाइन क्लब विरुद्ध नोएम’, म्हणजे पत्रकारांची संघटना विरुद्ध तेव्हाच्या गृहसुरक्षा मंत्री. शहरात स्थलांतर कारवाई चालू असताना निदर्शक आणि वार्ताहर यांच्यावर अश्रुधूर आणि इतर साधने वापरल्याच्या तक्रारीवरून न्यायाधीश सारा एलिस यांनी ९ ऑक्टोबर २०२५ रोजी तात्पुरता मनाई हुकूम दिला. हा हुकूम मी एखाद्या करारनाम्यासारखा कलमवार वाचला, कारण त्यात ‘पत्रकार ओळखायचा कसा’ या प्रश्नाला न्यायालयाने व्यवहारी उत्तर दिले आहे. वृत्तसंस्थेचे ओळखपत्र, वेगळा उठून दिसणारा पोशाख, व्यावसायिक कॅमेरा अशा खुणा त्यात नोंदवल्या आहेत. या खुणांपैकी प्रत्येक असलीच पाहिजे असे नाही, हेही त्यातच म्हटले आहे. परवाना देऊन पत्रकार ठरवण्याची वाट न्यायालयाने घेतली नाही, ही गोष्ट दोन मिनिटांच्या बातमीत मावत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंतरिम मनाई मिळाली, १९ तारखेला त्या भागाच्या (सातव्या सर्किटच्या) अपील न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि दुसऱ्याच दिवशी एलिस यांचे दोनशेहून अधिक पानांचे सविस्तर निकालपत्र नोंदले गेले. स्थगित झालेल्या मनाईची कारणमीमांसा स्थगितीनंतर आली, हा क्रम केवळ रोजनाम्यातच नीट कळतो. लॉस एंजेलिस प्रेस क्लबच्या खटल्यात न्यायाधीश एर्नान वेरा यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये गृहसुरक्षा खात्याविरुद्ध दिलेली मनाईही अशीच वाचण्याजोगी आहे; विशेषतः तिच्यामागची वार्ताहरांची प्रतिज्ञापत्रे, ज्यांत प्रत्येकाने आपण कुठे उभे होतो आणि काय लागले ते साध्या भाषेत सांगितले आहे.

ज्यांना कायद्याची भाषा रुक्ष वाटते त्यांनी ‘एएयूपी (विद्यापीठीय प्राध्यापकांची संघटना) विरुद्ध रुबियो’ या खटल्यातील ३० सप्टेंबर २०२५ चे १६१ पानांचे निकालपत्र उघडून पहिले पान पाहावे. पॅलेस्टाइनच्या बाजूने बोलणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना हद्दपारीची भीती घालून गप्प केले जात आहे का, असा तो वाद होता. न्यायाधीश विल्यम यंग यांनी आपल्याला आलेल्या एका निनावी टपालकार्डाचे चित्र निकालपत्राच्या माथ्यावरच छापले आणि पुढचा सारा निकाल त्या कार्डाला दिलेले उत्तर म्हणून लिहिला. भाषांतरात ही गोष्ट हरवते. कागद पाहिला तरच तिचे वजन कळते.

इतके कौतुक केल्यावर जिथे ही सेवा अंधारात जाते त्या जागेबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण माझ्या दृष्टीने या परीक्षणाचा मुख्य मुद्दा तोच आहे. संघराज्यीय दिवाणी प्रक्रियेचा नियम ५.२(सी) असे सांगतो की हद्दपारी, स्थलांतरविषयक लाभ किंवा स्थानबद्धता यांच्याशी संबंधित प्रकरणात पक्षकार आणि त्यांचे वकील सोडून इतरांना दुरून फक्त रोजनामा आणि न्यायालयाचे हुकूम पाहता येतील. याचिका, प्रतिज्ञापत्रे आणि पुरावे पाहायचे तर न्यायालयाच्या इमारतीत जाऊन तिथल्या संगणकावरच पाहावे लागतील. न्यायाधीश वेगळा आदेश देऊ शकतात, पण मूळ स्थिती ही आहे. नियमाचा हेतू वाईट नाही. आश्रय मागणाऱ्याच्या कागदांत छळाच्या हकिकती, आजार आणि नातेवाइकांची नावे असतात. ती जगभर उघडी पडू नयेत हे योग्यच आहे. पण पेसरवरून दुरून जे कोणाला विकत घेता येत नाही ते रीकॅपच्या संग्रहातही येऊ शकत नाही. खटल्याच्या पानावर ‘दाव्याचे स्वरूप’ या रकान्यात ४६३, म्हणजे स्थानबद्ध परदेशी व्यक्तीची याचिका, असा क्रमांक दिसला की खालच्या बहुतेक ओळी नुसत्या वाचायच्या असतात, उघडायच्या नसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ एप्रिलच्या निर्णयाने एक मोठा सामूहिक वाद अशा जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेल्या याचिकांकडे वळवला, आणि त्याबरोबर वाचकाची दृष्टीही तोकडी झाली.

स्थलांतर आणि वृत्तस्वातंत्र्य हे दोन्ही विषय इथे एकमेकांत मिसळतात. टफ्ट्स विद्यापीठाची विद्यार्थिनी रुमेयसा ओझतुर्क हिला मार्च २०२४ मध्ये विद्यार्थी दैनिकात सहलेखिका म्हणून लिहिलेल्या लेखानंतर वर्षभराने, २५ मार्च २०२५ रोजी ताब्यात घेऊन लुइझियानाला नेण्यात आले. वादाचे मूळ छापील मजकुरात असले तरी खटल्याचे स्वरूप स्थानबद्धतेचे होते. तिला ९ मे रोजी सोडण्याचा व्हर्माँटच्या न्यायालयाचा आदेश कोणीही वाचू शकतो. एल साल्वाडोरचे पत्रकार मारिओ गेवारा यांचे प्रकरण तर याहून अवघड आहे. जॉर्जियात निदर्शनाचे थेट प्रक्षेपण करताना १४ जून २०२५ रोजी त्यांना अटक झाली. स्थानिक आरोप मागे घेतल्यावरही ते स्थलांतर विभागाच्या ताब्यात राहिले आणि ३ ऑक्टोबरला त्यांना मायदेशी पाठवण्यात आले. त्यांच्या प्रकरणाचा मोठा भाग स्थलांतर न्यायालय आणि अपील मंडळ यांच्यापुढे चालला, आणि ही दोन्ही न्याय खात्याच्या अखत्यारीतील कार्यालये आहेत. त्यांचे कागद पेसरवर नसतात, त्यामुळे कोर्टलिसनरवरही नसतात. नव्या वापरकर्त्याची सर्वांत मोठी फसगत इथे होते: ‘इमिग्रेशन कोर्ट’ हे नाव पाहून तो इथे शोधतो, काही सापडत नाही, आणि प्रकरणच नाही असे समजतो.

सेवेचे स्वतःचे दोषही आहेत. जो कागद अजून कोणी विकत घेतलेला नाही त्याच्यापुढे पेसरवर जाऊन घेण्याचे बटण दिसते. गाजलेल्या खटल्यांत असे क्वचित होते, पण एखाद्या लहान वृत्तपत्राच्या वार्ताहराने केलेल्या दाव्यात अर्धा रोजनामा असाच बंद असतो. नव्या नोंदी न्यायालयांच्या स्वयंचलित सूचनांवरून येतात आणि सर्व न्यायालये त्या सारख्याच भरवशाने देत नाहीत. मोबाइलवर लांब रोजनामा वाचणे डोळ्यांना शिक्षा आहे. नावाने शोध घेण्यापेक्षा क्रमांकाने घ्यावा, कारण अधिकारी बदलला की खटल्याचे नावही बदलू शकते, आणि ओझतुर्कचे प्रकरण जिल्हा न्यायालयात एका नावाने, तर अपिलात दुसऱ्या नावाने नोंदलेले आहे.

खाते उघडल्यास हव्या त्या खटल्याची सूचना ई-मेलने मिळते. मोफत सूचनांची संख्या मर्यादित आहे आणि सभासदांना जास्त मिळतात. माझ्या काही सूचना ४६३ क्रमांकाच्या याचिकांवर लावलेल्या आहेत. ई-मेल आला की मी ओळ वाचते, ती हुकमाची असेल तर उघडते, आणि अर्जाची किंवा पुराव्याची असेल तर बातमीत ‘याचिकेत म्हटले आहे’ असे न लिहिता ‘याचिका दाखल झाली आहे’ एवढेच लिहिते.