वॉशिंग्टनमधले लिंकन: फोर्ड्स थिएटर की लिंकन कॉटेज?

वॉशिंग्टनला गेलेला माणूस लिंकन मेमोरियल पाहिल्याशिवाय परतत नाही. तिथे तिकीट नाही आणि रात्रीही जाता येतं, त्यामुळे ते कुठेही बसवता येईल. प्रश्न उरतो तो हातातल्या अर्ध्या दिवसाचा.

सोय बघायची तर फोर्ड्स थिएटर. मेट्रो सेंटर स्टेशनवरून चालत जाता येतं. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री लिंकनना गोळी लागली तो झेंडे लावलेला बॉक्स खुर्च्यांतून समोर दिसतो. खाली संग्रहालयात मारेकरी बूथचं पिस्तूल आहे, तळहातावर मावेल एवढं. रस्ता ओलांडला की पीटरसन हाऊस, जखमी लिंकनना नेलं ते घर. सहा फूट चार इंच उंचीमुळे त्यांना तिथल्या पलंगावर तिरकं झोपवावं लागलं. सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी ते गेले. मूळ पलंग मात्र शिकागोत आहे, आणि थिएटरचा अंतर्भागही १९६८ मध्ये पुन्हा उभारलेला. तिकिटावर वेळ ठरलेली असते. तालीम किंवा दुपारचा प्रयोग असेल तर प्रेक्षागृह बंद असू शकतं, तेव्हा आधी चौकशी करा.

माझं मत तरीही लिंकन कॉटेजच्या, म्हणजे लिंकन उन्हाळ्यात राहत त्या घराच्या बाजूने आहे. व्हाइट हाऊसपासून साधारण पाच किलोमीटर उत्तरेला, टेकडीवर. फेब्रुवारी १८६२ मध्ये मुलगा विली गेला आणि त्या उन्हाळ्यात कुटुंब इथे राहायला आलं. पुढची दोन वर्षंही तसंच. लिंकन घोड्यावरून कामाला जात-येत. जवळच सैनिकांची दफनभूमी, तिथे नव्या कबरी खणल्या जात होत्या, आणि या घरात गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर विचार चालला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला त्या घरात उभं राहणं वेगळंच वाटेल.

खोल्या मात्र जवळजवळ रिकाम्या आहेत. वस्तू बघायला आलेला हिरमुसेल. सगळी मदार गाईडच्या इंग्रजी बोलण्यावर, म्हणून भराभर इंग्रजी ऐकून दमणारे आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर फोर्ड्सच बरं. कॉटेजला जायचं ठरलं तर फेरीचं तिकीट आधीच काढा. ग्रीन लाइनने जॉर्जिया अव्हेन्यू-पेटवर्थला उतरून पुढे बस घ्या. चालत जायचं तर वीसेक मिनिटं धरा.