1.3 डिझेलचा टर्बो बदलून आठ महिने झाले : पावस ते कोल्हापूर, घाटासकट

गाडी 2013 ची डिझेल हॅचबॅक. इंजिन फियाटचं 1248 सीसीचं, 75 पीएसवालं. मारुती, टाटा, फियाट तिघांनीही तेच लावलं, म्हणून लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. त्यावर बोर्गवॉर्नरचा केपी 35 हा छोटा, साधा टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. तो दसऱ्याच्या आधी बदलला. त्यानंतर 11 हजार किलोमीटर झाले आणि त्यात एप्रिल-मेमधल्या आंब्याच्या चौदा खेपा आहेत.

जुना टर्बो माझ्या आळसाने गेला. ऑइल बदलायचं 'पुढच्या महिन्यात' करत राहिलो. एवढासा टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे घेतो आणि त्याचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल जळकं झालं की पहिला मार तिथेच बसतो. आधी शिट्टी वाढली, मग सकाळी स्टार्ट करताना निळा धूर, आणि शेवटी आंबा घाटाच्या पायथ्याजवळच्या साखरप्याच्या पुढे चढाला गाडीने मानच टाकली. 1 लाख 60 हजार किलोमीटर झाले होते.

गाडी विकावी असंही घरात निघालं. पण मारुतीने 2020 च्या एप्रिलपासून डिझेल गाड्याच बंद केल्या, आता या आकाराच्या नव्या डिझेलला पर्यायच फार कमी उरले. मग ठरलं, खर्च करायचाच आहे तर जरा वरचा टर्बो बसवू.

पहिला विचार अर्थातच मोठ्या टर्बोचा. ऑनलाइन स्वस्तात दिसतात, फोटोत चकाचक. रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या आमच्या मेस्त्रींना फोटो दाखवला तर चहाचा ग्लास खाली न ठेवताच म्हणाले, "घाल की. मग घाटात खाली उतरून ढकलायला लागेल तुला." टर्बोच्या आतलं चाक थोडं मोठं झालं की ते फिरवायला लागणारा जोर कितीतरी जास्त वाढतो, आणि 1248 सीसीच्या इंजिनाचा खालच्या आरपीएमला तेवढा एक्झॉस्ट निघतच नाही. हायवेवर मजा येईल, पण आंबा घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वळणावर गाडी 1500 आरपीएमला येते, तिथे मोठा टर्बो झोपलेलाच असणार. मुळात या इंजिनाचा पूर्ण 190 न्यूटन मीटर टॉर्क 2000 ला मिळतो, त्याच्या खाली गाडी तशीही जरा रुसलेलीच असते.

दुसरा पर्याय 90 पीएसच्या इंजिनावरचा व्हीजीटी, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलणारा टर्बो. त्याच इंजिनाचं मोठं भावंड, 200 न्यूटन मीटर आणि तेही 1750 लाच. कागदावर अगदी हवं ते. पण तो कोन ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. माझ्या गाडीत वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप) नुसत्या बूस्टच्या, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या, दाबाने उघडतो, ईसीयूला त्याचं काही देणंघेणं नाही. म्हणजे सोलेनॉइड, वायरिंग, ईसीयू सगळंच आलं. शिवाय गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि इन्शुरन्सचा घोळ. भंगारातला व्हीजीटी स्वस्त मिळतोही, पण काजळीने त्याची पाती अडकलेली आहेत की नाही हे बाहेरून कळत नाही. सोडला. रिमॅपचंही (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचं) तेच, जुन्या क्लचवर जादा टॉर्क टाकायची माझी हिंमत नाही.

शेवटी केलं ते असं : आपलाच टर्बो, आपलंच हाऊसिंग, आत नवी कोअर (शाफ्ट आणि बेअरिंगचा गाभा), आणि कंप्रेसरला, म्हणजे हवा दाबणाऱ्या बाजूला, मूळच्याच मापाचं बिलेट व्हील (अखंड धातूतून कोरलेलं चाक). कोल्हापूरच्या उद्यमनगरात बॅलन्सिंग मशीनवर माझ्या समोर फिरवून दिलं. 13,500 तिथे. नवा ऑइल पाईप, गॅस्केट, ऑइल, फिल्टर मिळून 4,200. मजुरी 2,500. ऑइलचा पाईप नवाच घ्या, दुकानदार 'धुऊन देतो' म्हणाला तरी ऐकू नका. माझा जुना पाईप मेस्त्रींनी उभा कापून दाखवला : आतलं भोक माचिसच्या काडीएवढंसुद्धा उरलं नव्हतं, बाकी सगळा कार्बन.

टर्बो काढताना खरा वैताग समुद्राने दिला. पावसला घर किनाऱ्यापासून हाकेवर, त्यामुळे मॅनिफोल्डचे स्टड (टर्बो धरून ठेवणारे बोल्ट) खाऱ्या हवेने असे धरलेले की एक तुटलाच. ड्रिल करून काढण्यात अर्धा दिवस गेला. आता सगळ्या स्टडना कॉपर ग्रीस लावून घेतलंय.

आणि एवढं करून पहिल्या दिवशी गाडी ओढेचना! शिट्टी गेली, धूर गेला, पण दम नाही. वीस हजार पाण्यात गेले असं वाटून रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाईप बाहेर काढले, तोंडं बंद करून गॅरेजच्या कंप्रेसरची हवा सोडली आणि साबणाचं पाणी शिंपडलं. खालच्या होजला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, वरून दिसणारच नाही अशा जागी फुगे आले. वरून बोटाने दाबला की चीर मिटायची, बूस्ट आला की उघडायची. दोन होज आणि क्लॅम्प, 1,100 रुपये.

हे मला जास्त लागलं. टर्बोच्या पुढे हवा गळत असली की दाब पुरेसा होत नाही, दाब नाही म्हणून वेस्टगेट उघडत नाही, आणि टर्बो बिचारा गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरत राहतो. म्हणजे जुन्या टर्बोच्या मरणात या होजचाही हात असणार. तुमची गाडी ओढत नसेल तर आधी हे साबणपाणी करा, टर्बोचं नंतर बघा.

होज बदलल्यावर मात्र फरक पडला. आधी मागची सीट पाडून पाच डझनी दहा पेट्या टाकल्या की आंबा घाटातल्या तीव्र वळणांवर पहिला गिअर आणि हाफ क्लच ठरलेलं होतं. आता दुसऱ्यात निघते, 1700 च्या आसपास पाठीला हात लावल्यासारखं जाणवतं. अॅव्हरेज 18 वरून 20 वर आलं, ते एसी न लावता. बिलेट व्हीलचं म्हणाल तर हायवेला 80 च्या पुढे ओव्हरटेक करताना थोडं मोकळं वाटतं, पण हा फरक नव्या कोअरचा की व्हीलचा हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. व्हीलचे 3,000 परत खर्च करीन का? बहुतेक नाही.

एक सवय लावून घेतली. घाट चढून आंबा गावात चहाला थांबलो की गाडी मिनिटभर चालूच ठेवतो, म्हणजे तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल जळून बसत नाही. टपरीवाले दरवेळी सांगतात, "दादा, गाडी चालू राहिलीय." पहिल्या दोन-तीन वेळा समजावलं, आता नुसती मान हलवतो.

गेल्या आठवड्यात पावसाळ्याआधी इनलेटचा होज काढून बघितला. आत तेलाचा हलका ओलावा, तो इंजिनातली वाफ परत इनलेटला सोडणाऱ्या ब्रीदरमुळे असतोच. शाफ्ट बोटाने बाजूला किंचित हलतो, पुढे-मागे अजिबात नाही, म्हणजे ठीक आहे. वेस्टगेट उघडणाऱ्या ॲक्च्युएटरच्या दांड्यावर मात्र गंज दिसायला लागलाय. आठ महिन्यांत! तो घासून ग्रीस लावलंय, गणपतीच्या सुमाराला परत उघडून बघणार आहे.